तुम्ही विचारलंत म्हणून: एका उडीला दोन वर्षं का लागतात?

घरी कुणी आलं की हा प्रश्न येतोच. "अजून तोच गेम चालू आहे? त्यात ती मुलगी नुसत्या उड्याच मारते ना?" विचारणाऱ्याच्या मनात खोच नसते, त्याला खरंच कळत नसतं. मी पुण्यात दिवसा नोकरी करते आणि रात्री जेवणं आटपली की एक छोटा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत कडे-फळ्या पार करायचा व्हिडिओ गेम, बनवत बसते. त्याला दोन वर्षं झाली. म्हणून एकदा नीट सांगते.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच आईच्या हातात कंट्रोलर दिला. तिसऱ्या कड्यावरून ती सारखी पडत होती. सातव्या-आठव्या खेपेला माझ्याकडे वळून कळवळून म्हणाली, "अगं, मी दाबलं होतं बटण!" मी नोंदी काढून पाहिल्या. तिने खरंच दाबलं होतं, पण पाय कड्यावरून सुटल्यावर चार फ्रेमनी. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतो, म्हणजे तिला उशीर झाला तो सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याइतका. हिशेबाने गेम बरोबर होता. पण इतका उशीर डोळ्यांना दिसत नाही. माणसाला वाटतं, आपल्याला फसवलं, आणि तो कंट्रोलर खाली ठेवतो.

यावरचा उपाय मी 'सेलेस्ट' या गेमकडून शिकले. मॅडी थोर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत एक चिमुकला गेम केला होता. १६ रंग, १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा आणि डोंगर चढणारी एक मुलगी, एवढाच ऐवज. त्याचाच पुढे मोठा गेम झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधली ही मोजकी मंडळी, चित्रांसाठी ब्राझीलचे कलाकार, संगीत लीना रेन यांचं. २५ जानेवारी २०१८ला तो बाजारात आला आणि वर्ष संपेपर्यंत पाच लाखांवर प्रती खपल्या. चार दिवसांचा तो मूळ गेमही त्यांनी मोठ्या गेमच्या आत एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये लपवून ठेवलाय. तो सापडला तेव्हा मी रात्रभर तोच खेळत बसले होते.

पुढे त्यांनी मॅडलिन या नायिकेच्या हालचालींचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. तो मी ओळ न् ओळ वाचलाय. पाय कड्यावरून सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, उडी मारता येते. याला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा प्राणी, कड्याच्या पुढे हवेत धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. जमिनीला टेकायच्या जरा आधीच बटण दाबलं, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. उडी मारताना छताच्या कोपऱ्याला डोकं किंचित अडलं, तर चार पिक्सेलपर्यंत तिला अलगद बाजूला सरकवतो. उडीच्या माथ्यावर बटण धरून ठेवलं की गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला जरा उसंत मिळते.

सेलेस्ट अवघड गेम म्हणून ओळखला जातो, आणि आहेच तो अवघड. सातशेवर पडदे, आणि मी कित्येक हजार वेळा मेले असेन. पण एकदाही "मी दाबलं होतं" असं म्हणावंसं वाटलं नाही. शिवाय त्यात असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करा, दम न संपणारा करा, हवं तर मरणंच बंद करा. त्याने गेमची मजा जाते म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ज्याची बोटं दुखतात, त्यालाही तो डोंगर चढावासा वाटतोच की.

तर माझी दोन वर्षं यातच गेली. कड्यावरून पाय सुटल्यावरची सवलत आधी चार फ्रेम ठेवून पाहिली, मग आठ, तेव्हा माझ्या गेममधली मुलगी हवेत चालतेय असं दिसायला लागलं. शेवटी सहावर आले. पुढच्या रविवारी आईने तो कडा पहिल्याच खेपेला पार केला आणि म्हणाली, "आज हात बसला माझा." मी काही बोलले नाही.

सध्या भिंतीवरून मारायच्या उडीचं काम चालू आहे. तिथे आई अजून पडते.