पंपातली खडी

चेंबूर-माहूल पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. त्या सकाळी बॉयलरकडे गरम पाणी पाठवणारा पंप खडखडू लागला आणि बेअरिंग गेल्याचे निदान करून मी मोकळा झालो. फिटरकाकांनी मात्र लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आधी बेअरिंगवर आणि मग केसिंगवर टेकवले, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "साहेब, बेअरिंग ठणठणीत आहे. आत खडी फिरतेय."

खडी अर्थातच नव्हती. काकांनी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह अर्धा आवळला, तसा आवाज विरला. प्रवाह अडवल्यावर पंपाचा त्रास कमी कसा होतो, हे मला उमगेना. या विषयात मला चांगले गुण होते, हे सांगायलाही आता संकोच वाटतो.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर टाकीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब ते पंपात ढकलतो, आणि हा दाब सुमारे 10 मीटर उंचीच्या पाण्याइतकाच असतो. त्यातून पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे ज्याच्या खाली उतरल्यास पाणी उकळू लागते तो दाब, वजा होतो: 30 अंश सेल्सिअसला अर्ध्या मीटरहून कमी, 80 अंशांना मात्र जवळपास 5 मीटर. म्हणजे निम्मी पुंजी पाणी गरम आहे एवढ्यानेच संपते. उरलेल्यात सक्शन पाइपमधले, म्हणजे टाकीकडून पंपात येणाऱ्या पाइपमधले, घर्षण भागवायचे. ते भागले नाही, तर इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी पाणी उकळते, आणि बुडबुडे पुढच्या वाढत्या दाबात फुटताना धातूचे कण उडवतात. प्रवाह घटवला की घर्षणही घटते आणि पंपाची गरजही.

सक्शनचा गेज रंगाऱ्याने काचेसकट रंगवून टाकला होता. काकांनी नाण्याने रंग खरवडला. टाकीची पातळी पंपाच्या वर असूनही काटा शून्याखाली होता. पंप थांबवून सक्शन पाइपमधला स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडला, तेव्हा जाळी गंजाच्या पापुद्र्यांनी आणि गॅस्केटच्या तुकड्यांनी लिंपलेली निघाली. इम्पेलरही काढला, पात्यांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या पोखरल्या होत्या. "हे एका दिवसाचं काम नाही," काका म्हणाले.

मी शिफ्टची वही उघडली. सक्शन गेजचा रकाना दर तासाला इमानेइतबारे भरलेला होता, महिनाभर तोच आकडा. त्यातल्या बऱ्याच नोंदी माझ्याच हस्ताक्षरात होत्या.