एकोणीसची सात झाली

आजची अख्खी सुट्टी पुढच्या सुट्टीची आखणी करण्यात गेली. हॉटेलांचे फोटो बघून डोळे दुखायला लागले. वाइड अँगल लेन्समधून पलंगाशेजारी मैदान दिसतं, प्रत्यक्षात बॅग उघडायला जागा नसते. म्हणून मी आता आधी खोलीचं क्षेत्रफळ बघते, मग राहून गेलेल्यांनी काढलेले फोटो. आणि रिव्ह्यू वाचायचे ते तीन स्टारवाले. 'गरम पाणी यायला १० मिनिटं लागतात' हे वाक्य 'अप्रतिम अनुभव!!!' पेक्षा कितीतरी कामाचं.

खरं भांडण झालं ते ठिकाणांवरून. नवऱ्याने ४ दिवसांत १९ ठिकाणं कोंबली होती! नकाशावर खुणा केल्या तर निम्मा वेळ गाडीतच. शिवाय बंदचे वार कोण बघणार? ताजमहाल शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी. (बंद दारापर्यंत जाऊन परत आलेला माणूस आमच्याच घरात आहे, नाव घेत नाही.)

शेवटी ७ उरली. हॉटेल मध्यवस्तीतलं, खोली लहान, पण बुकिंग रद्द केलं तर पैसे परत. कापलेली १२ ठिकाणं त्याने गुपचूप वहीत उतरवून ठेवलीयेत. बघितलंय मी.