तुम्ही विचारलंत म्हणून: परत फायटरच का?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र घेऊन खेळायची गोष्ट. तिची नवी मोहीम सुरू झाली, पात्राची कॅरेक्टर शीट भरायला घेतली, की हा प्रश्न आलाच. विचारणारे दोन प्रकारचे. एकांना वाटतं, मला मंत्रांची पानं वाचायचा कंटाळा आहे. दुसऱ्यांना माझी कीव येते. या खेळात वरच्या लेव्हलांना जादूगारांपुढे तलवारवाल्याचे, म्हणजे फायटरचे, काय हाल होतात हे त्यांना ठाऊक असतं. मलाही ते ठाऊक असेल, असं मात्र त्यांना वाटत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिल्यांसाठी: मंत्र मी वाचलेत. फायरबॉलची त्रिज्या २० फूट असते, हे आमच्या विझार्डला, म्हणजे गटातल्या जादूगाराला, दर वेळी मीच सांगते, नाहीतर तो आम्हालाच भाजून काढतो.

दुसऱ्यांसाठी पिंजऱ्याची गोष्ट सांगते. तेरावी लेव्हल होती. ज्या म्हाताऱ्या जादूगाराच्या मागावर आम्ही कित्येक शनिवार घालवले, तो एकदाचा समोर आला. पाळी त्याची आधी. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, माझ्या मिनीभोवती (पात्राच्या छोट्या बाहुलीभोवती) चार काडेपेट्या उभ्या केल्या आणि म्हणाला, "फोर्सकेज." दहा फुटांची पेटी, अदृश्य भिंती, तासभर टिकणारी. मंत्रातून वाचायला फासा टाकतात, त्याला सेव्ह म्हणतात. मी सवयीने वीस बाजूंचा फासा उचलला.

"सेव्ह कशावर?"

"सेव्ह नाहीये याला."

फासा खाली ठेवला. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, भिंतीवर वार करते. तीन वार. काही होत नाही, म्हणाला. पुढच्या पाळीला म्हटलं, बघते. भिंती आरपार दिसणाऱ्या, त्यामुळे बघायला भरपूर होतं. त्याच्या पुढच्या पाळीला डीएमने नुसतं "तू आतच" म्हटलं आणि तो शेजारच्याकडे वळला. मग कुणीतरी म्हणालं, "अगं, मोकळीच आहेस तर चहा टाकतेस का?"

टाकला. चहाचं मला वाईट वाटलं नाही, खरंच. वाईट वाटलं ते किचनमधून जे ऐकलं त्याचं. मंत्रांची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी असते, आणि मंत्र टाकला की त्या लेव्हलचा एक स्लॉट खर्च होतो. आमच्या विझार्डचा सातव्या लेव्हलचा स्लॉट संपला होता, सहाव्या लेव्हलचा एकुलता एक शिल्लक होता, आणि डिसइंटिग्रेट हा मंत्र तयार होता. जादूने उभ्या केलेल्या असल्या भिंतीचा तो चुरा करतो. "हिला सोडवू, की त्याच्यावरच टाकू?" असं त्याने विचारलं आणि टेबलवर हिशेब सुरू झाला. मंत्र लागला तर सरासरी ७५ डॅमेज. मी सुटले, पळत त्याच्यापर्यंत पोचले, अ‍ॅक्शन सर्ज (एका पाळीत दुप्पट वार) वापरून सहा वार केले आणि सहाच्या सहा लागले, तरी जेमतेम तेवढंच. कुणी वाद घातला नाही. म्हाताऱ्याचा सेव्ह फसला, त्याची राख झाली, आणि आरडाओरड्यात मी ट्रे घेऊन बाहेर आले.

हिशेब बरोबर होता. त्याच्या जागी असते तर मीही तोच केला असता. पण आजतागायत मला कुणी विचारलेलं नाही की ती पेटी नंतर उघडली कशी.

त्याआधी मी भांडायचे. विझार्डचे मंत्र संपतात, तलवार संपत नाही, हा माझा पेटंट मुद्दा. कागदावर तो खराही आहे. २०१४चं डीएमसाठीचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ चकमकी धरून चालतं. तेवढ्या झाल्या तर विझार्ड चौथ्या-पाचव्यापासून जपून वागायला लागेल. पण शनिवारी रात्री सहा चकमकी कोण खेळतं? एक मोठी मारामारी, मग सगळे झोपले, सकाळी स्लॉट परत. ज्या गुणावर मी मिशा नसताना पीळ देत होते, तो आमच्या टेबलवर कधी वापरातच आला नाही.

आणि हे पूर्वी असं नव्हतं. जुन्या आवृत्त्यांत पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे दिवसाला एक मंत्र आणि हातात खंजीर. मंत्र म्हणताना फटका बसला तर मंत्र वाया. पुढे एकेक बेडी सुटत गेली, छोटे मंत्र तर कितीही वेळा टाकता यायला लागले. २००८च्या चौथ्या आवृत्तीने फायटरलाही दिवसातून एकदाच वापरायचे खास डाव दिले, तर सगळे वर्ग (फायटर, विझार्ड वगैरे) सारखेच वाटतात म्हणून लोकांनीच ओरड केली. ओरडणाऱ्यांत मीही होते, हे सांगायला लागतंय. 'द विचर' मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये जादूने दगड उचलायला फुलाचा जीव द्यावा लागतो, आणि फुलाशिवाय उचलणाऱ्या मुलीचा हात वाळून जातो. आमच्या विझार्डला रात्रीची झोप पुरते. 'बॉल्डर्स गेट ३' हा याच नियमांवरचा व्हिडिओ गेम पात्राच्या बाराव्या लेव्हललाच थांबतो, फोर्सकेजसारखे सातव्या लेव्हलचे मंत्र तिथे मिळतच नाहीत, म्हणून तिथे फायटर शेवटपर्यंत ताठ असतो. मी तो खेळ इतका का खेळते, हे कुणी विचारत नाही.

मग फायटरच का? विझार्ड मी एकदा खेळून पाहिलाय. भारी मंत्र टाकायचा आणि डीएमला म्हणायचं, "तू सेव्ह कर." फासा तो टाकतो, मी बघते. फायटरचा प्रत्येक वार मी टाकते. एक पडला तरी माझाच, वीस पडला तरी माझाच. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण पिंजऱ्याने नेमकं तेच काढून घेतलं होतं.

२०२४च्या नव्या नियमांत फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागतं. म्हणजे जादूगाराला कुणी तडाखा दिला आणि त्याचं लक्ष तुटलं, तर पेटी सुटते. चांगला बदल आहे, मित्रांनी कौतुकाने मला दाखवलासुद्धा. फक्त तडाखा बाहेरच्या कुणीतरी द्यायचा. मी आतच.

शीट भरलीये. फायटर.