टॉड: कोल्हा वेगळा निघाला

मागच्या नोंदीत ‘टॉड’ (tod) या जुन्या इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ मांडून थांबलो होतो: कोल्हा, 28 पौंड लोकर आणि आयव्हीच्या वेलाचं दाट झुडूप. तिन्हींचं मूळ एकच, आणि झुबकेदार शेपटीवरून कोल्ह्याला हे नाव पडलं, ही मांडणी मला मनापासून आवडत होती. या आठवड्यात ती मोडली.

तारखांनी घात केला. कोल्हा या अर्थाने टॉड बाराव्या शतकापासून सापडतो, लोकरीचं वजन म्हणून पंधराव्या शतकात आणि आयव्ही तर सोळाव्यात. म्हणजे लोकरीच्या पुंजक्यावरून शेपूट आणि शेपटीवरून कोल्हा, ही साखळी उलटी बसते. नोंद उशिरा मिळाली म्हणून शब्द उशिराचा ठरत नाही, हे खरं. त्या आशेवर मी बराच काळ तग धरला. पण लोकर आणि आयव्ही यांना उत्तर जर्मनीच्या बोलींत चिंधी, पुंजका अशा अर्थांचे नातेवाईक मिळतात. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या बोलीत कोल्ह्यासाठी असलेल्या टॉडला मात्र असा नातेवाईक कुणीच नाही; ऑक्सफर्ड कोशही त्याचं मूळ अज्ञात म्हणतो. माझ्या लेखी आता हे दोन वेगळे शब्द.

लोकरीने मात्र भरभरून दिलं. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधला मेंढपाळाचा मुलगा हिशोब मांडतो: अकरा मेंढ्यांमागे एक टॉड, टॉडला एक पौंड एक शिलिंग, 1500 मेंढे कातरले, तर लोकरीचे किती? त्याला मोजणीचे खडे लागतात. मी कागदावर मांडलं: साधारण 136 टॉड, म्हणजे 143 पौंडांच्या आसपास रक्कम. शिवाय एका मेंढ्यामागे जेमतेम अडीच पौंड लोकर पडते, हेही कळलं. एवढ्या छोट्या ओळीतून त्या काळचा मेंढा हाताला लागतो, याचा आनंद काही औरच!

आडनावांकडे येतो. टॉड हे टोपणनाव, लाल केसांच्या किंवा धूर्त माणसाला पडलेलं. टॉडहंटर म्हणजे सरळ कोल्हे मारणारा. गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणारे आयझॅक टॉडहंटर (1820–1884) याच आडनावाचे. आणि भोसल्यांच्या सिसोदिया वंशाच्या चर्चेत ज्यांचं नाव हटकून येतं ते राजस्थानचे इतिहासकार कर्नल जेम्स टॉड (1782–1835), तेही स्कॉटिश घराण्यातले. म्हणजे कोल्ह्याच्याच मुलखातले.

साधनांबद्दल: जोसेफ राइटचा इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश (1898–1905) अजूनही पहिला उघडावा असाच आहे. आडनावासोबत कुलचिन्ह विकणाऱ्या संकेतस्थळांवरचं एक अक्षरही टिपणात घेऊ नका.

‘ऑन युअर टॉड’, म्हणजे एकट्याने, यात कोल्हा शोधू नये. अमेरिकन जॉकी टॉड स्लोन याच्या नावावरचं ते लंडनी यमक आहे: ‘ऑन युअर ओन’मधल्या ‘ओन’शी ‘स्लोन’ जुळतं.

पुढे वेनराइट हे आडनाव घेणार होतो, पण आता आधी कोलफॅक्स. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरकडे काळ्या टोकांचा ‘कोल-फॉक्स’ (‘कोल’ म्हणजे कोळसा) आहे, त्यामुळे आडनावही कोल्ह्याचंच वाटतं. पण जुन्या इंग्रजीत ‘फेआक्स’ म्हणजे केस. काळ्या केसांचा माणूस, ही बाजू मला आत्ताच जड वाटते. कुणाकडे रीनीचा आडनावकोश असेल तर ते पान पाहून कळवा.