ब्लोअरची मोटर गेलीच नव्हती: माझा अनुभव

गाडीचा ब्लोअर, म्हणजे हीटर-एसीची हवा आत ढकलणारा पंखा, नीट चालायला लागून दोन महिने झाले, तरी मेकॅनिकचे "मोटरच गेली" हे शब्द आठवले की अजून डोकं तापतं. मोटर गेलीच नव्हती. ज्यांची गाडी आज याच कारणासाठी गॅरेजात उभी आहे, त्यांनी नव्या मोटरला होकार देण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

आधी काही आठवडे ब्लोअर मध्येच थांबायचा आणि गाडी खड्ड्यातून गेली की आपोआप सुरू व्हायचा. कधी तापलेल्या प्लास्टिकचा वास यायचा. तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. मग ऐन पावसात चारही स्पीडवर ठप्प. समोरची काच आतून पांढरी झाली आणि मी एका हाताने फडकं फिरवत कशीबशी घरी पोचले. समोरचं दिसत नसताना गाडी चालवणं जिवावरचं काम आहे, त्यामुळे ही दुरुस्ती पुढे ढकलू नका. हीटरला जाणारे दोन्ही पाइप हाताला गरम लागत होते. म्हणजे उष्णता येत होती, ती आत ढकलणारा पंखा तेवढा बंद होता.

फ्यूज चांगला होता. रिले (ब्लोअरचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून पाहिला, फरक पडला नाही. फक्त सर्वांत वरचा स्पीड चालतो आणि खालचे बंद, असं असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून खालचे स्पीड देणारा भाग, गेलेला असतो, कारण वरच्या स्पीडला करंट रेझिस्टरची तार टाळून जातो. माझे चारही बंद होते, म्हणून गाडी गॅरेजात दिली.

मेकॅनिकने मोटरचा कनेक्टर काढून त्यात मल्टीमीटर लावला. १२ व्होल्ट. "करंट येतोय ना ताई, मग मोटरच गेली." मोटर मागवली, यायला आठ दिवस लागले. नवी बसवली, चालली, मी पैसे देऊन आले. पाचव्या दिवशी पुन्हा ठप्प. परत गेले तर पुन्हा तेच मीटर, तेच १२ व्होल्ट, आणि उत्तर मिळालं की ही मोटरही खराब निघाली, दुसरी मागवू. दोन मोटरी लागोपाठ त्याच तऱ्हेने कशा जातील, असं विचारलं तर म्हणाले, "होतं कधीकधी." मी गाडी घरी आणली.

एक गोष्ट बरी केली होती: जुनी मोटर मागून घेतली होती. बदललेला भाग नेहमी मागून घ्या. ती मोटर फडक्यात घट्ट धरून जाड तारांनी थेट बॅटरीला जोडली, तर अशी भन्नाट फिरली की हातातून सुटते की काय असं वाटलं. आवाज नाही, अडखळणं नाही. आठ दिवसांची वाट आणि मोटरचे पैसे डोळ्यांसमोर आले आणि खरंच रडू आलं.

मग १२ व्होल्ट दिसत असूनही मोटर का फिरत नव्हती? यातच माझे दोन रविवार गेले. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. करंटच्या वाटेत जळका, जेमतेम टेकलेला जोड असला तरी त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. ब्लोअर मात्र पूर्ण स्पीडला १५ ते २० अँपिअर खेचू शकतो, आणि तेवढा करंट मागितला की तो जोड मान टाकतो. म्हणून कनेक्टर काढून नव्हे, तो जोडलेला ठेवून, स्विच चालू असताना मोजायचं. मीटरच्या सळ्या कनेक्टरच्या मागून, तारेच्या कडेने आत सरकवायच्या.

इग्निशन चालू, स्विच चारवर, मी पाय सीटवर आणि डोकं डॅशबोर्डखाली अशी आडवी. मोटरच्या दोन पिनांमध्ये दिसले फक्त २.९ व्होल्ट. बॅटरीवर १२.४. उरलेले साडेनऊ कुठे खर्च होत होते? बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत ०.२, म्हणजे ती बाजू स्वच्छ. मोटरच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत (बॅटरीची मायनस तिलाच जोडलेली असते) ९.३. सापडलं! माझ्या गाडीत करंटची ही वाट रेझिस्टरच्या कनेक्टरमधून जाते, चौथ्या स्पीडचीसुद्धा. त्या कनेक्टरच्या एकाच पिनवर ९.१ व्होल्ट पडत होते.

कनेक्टर बाहेरून नवाकोरा दिसत होता. ओढून काढला तर एका कोपऱ्यातलं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आतली पिन काळी, आणि तिची पकड इतकी सैल की रेझिस्टरचं पातं आत खुळखुळत होतं. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. नवी मोटर बसवताना तारा हलल्या, पिन पुन्हा टेकली, म्हणून ती चार दिवस चालली.

पुढचं सोपं होतं. बॅटरीची मायनस काढली, मग हात घातला. तिथल्या पिवळ्या कनेक्टरना मात्र हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात. तारांसकट नवा कनेक्टर क्रिंप करून (धातूच्या नळीत तारा दाबून) जोडला, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. तारा पिळून टेप गुंडाळली तर तिथेच पुन्हा जळणार. रेझिस्टरही बदलला, कारण काळ्या पात्यावर नवा कनेक्टर टिकत नाही. केबिन फिल्टरही बदलला. तो चोंदलेला होता, आणि रेझिस्टर त्यातून येणाऱ्या ब्लोअरच्या हवेवरच थंड होतो. आता मोटरवर ११.९ व्होल्ट मिळतात. वीस मिनिटं पूर्ण स्पीडवर चालवून कनेक्टर चाचपला, जेमतेम कोमट.

आणखी दोन गोष्टी. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, तार पेटेल. आणि मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर ब्लोअरचा करंट मोजायला जाऊ नका.

जळका कनेक्टर घेऊन मी गॅरेजात गेले. मेकॅनिकने तो उलटसुलट करून बराच वेळ पाहिला, मग मोटर जोडलेली ठेवून मोजायचं कसं ते मला दोनदा विचारलं. बसवण्याची मजुरी परत मिळाली, मोटरचे पैसे नाहीत. जुनी मोटर फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली आहे.