बाथरूमच्या टाइल्स: स्वस्त कुठे घ्याव्यात, कुठे नाही

भिंतीला साधी सिरॅमिक टाइल पुरते. ती १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, पण भिंतीवर पाणी साचत नाही, वजनही पडत नाही. पैसे इथेच वाचवा. जमिनीला मात्र पाणी शोषण ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असलेली व्हिट्रिफाइड टाइलच घ्या, मॅट फिनिशची, आर१० किंवा त्याहून जास्त पकड असलेली (‘आर’ म्हणजे टाइल किती घसरते याची श्रेणी; आकडा मोठा तेवढी पकड जास्त). चकचकीत टाइल साबणाच्या पाण्यात घसरते. घरात वयस्कर माणूस असेल तर यात तडजोड नकोच.

जमिनीला ३०० बाय ३०० मिमी माप सोयीचं. मोठ्या टाइलला जाळीकडे ढाळ देताना जास्त काप द्यावे लागतात. ढाळ मीटरला १२ ते १५ मिमी ठेवा. ४ चौरस मीटरला ४५ टाइल्स लागतात. तुटफुटीसाठी १० टक्के धरून ५० घ्या. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघा.

टाइल चांगली असूनही काम बिघडतं ते खालच्या थरामुळे. चार कोपऱ्यांत मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबली की मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी शिरतं आणि टाइल तडकते. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायला सांगा. त्याआधी वॉटरप्रूफिंग करून २४ तास पाणी साठवून बघा.

सांधे २ ते ३ मिमी, आणि न्हाणीच्या भागात ते भरायला इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला). सिमेंटचं ग्राउट अ‍ॅसिडने धुतलं की झिजतं.