झेपेलिनचं कव्हर घेताय? आधी पाठ बघा

झेपेलिनने, म्हणजे वायूने भरलेल्या अवाढव्य जर्मन हवाई जहाजाने, टपालात गेलेलं पाकीट (संग्राहकांच्या भाषेत कव्हर) हातात आलं की नजर थेट तिकिटावर जाते. पण आधी ते उलटं करा. पाकीट खरंच हवेतून पोहोचलं का, ते मागचा पोहोचेचा शिक्का सांगतो. तिकिटावरून कळतं ते फक्त पैसे भरल्याचं.

‘ग्राफ झेपेलिन’ नावाच्या जहाजाची पहिली अमेरिकावारी घ्या. 11 ऑक्टोबर 1928 ला ते जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनहून निघालं आणि 15 ला अमेरिकेतल्या लेकहर्स्टला उतरलं. म्हणजे जातानाच्या कव्हरवर फ्रीडरिक्सहाफेनचा शिक्का 11 नंतरचा नको आणि अमेरिकेतला 15 च्या आधीचा नको. दरही जुळला पाहिजे: पोस्टकार्डाला 2 जर्मन मार्क, पत्राला 4. दोन मार्कांचं तिकीट निळं, चारचं तपकिरी. पत्रावर एकटं निळं तिकीट असेल, तर उरलेल्या दोन मार्कांचा हिशेब लागल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग 10 पट भिंग घ्या आणि शिक्क्याचं वर्तुळ तिकिटावरून कागदावर उतरतं ती जागा बघा. रेघ सलग हवी. तिथे ती किंचित सरकली असेल किंवा शाईचा रंग बदलला असेल, तर ते तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. त्यानंतर अंधारात अतिनील दिवा. 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळ करणारी रसायनं असतात, ते निळसर पांढरे लखलखतात. 1928 चं पाकीट असं चमकत नाही.

‘ग्राफ झेपेलिन’च्या 1931 मधल्या उत्तर ध्रुव प्रदेशाच्या फेरीसाठी 1, 2 आणि 4 मार्कांच्या तिकिटांवर ‘पोलार-फाहर्ट 1931’ (ध्रुवफेरी 1931) असं वरून छापलं होतं. या दोन शब्दांमधली आडवी रेघ राहून गेलेली तिकिटं महाग, म्हणून ती रेघ खरवडूनही काढतात. तिरप्या उजेडात कागदाचे उठलेले तंतू दिसतात.

‘हिंडेनबर्ग’ हे दुसरं झेपेलिन 6 मे 1937 ला जळालं. त्यावरच्या सुमारे 17,000 टपालवस्तूंपैकी साडेतीनशेच्या आसपास वाचल्या. जळक्या कडेचं पाकीट तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता मुंबईचा पावसाळा. इथे कव्हरचा खरा शत्रू हवेतली दमट ओल. तिकिटाचा डिंक ओल धरतो, कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि कसर लागते. पीव्हीसीचे खिसे तर नकोतच. त्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि शाई प्लॅस्टिकला चिकटते. साधी खूण म्हणजे नव्या रेनकोटसारखा वास. पॉलिस्टरचे खिसे घ्या, आल्बम उभे ठेवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर असू द्या. ओल भिंतीतूनही येते. आल्बमच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून रंग बदलणारे दाणे, ठेवा, पण कागदाला टेकू देऊ नका. जुलैत दर आठवड्याला जेलचा रंग बघा, बदलला की जेलच्या पुडीवरच्या सूचनेप्रमाणे ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. ठिपके पडलेच तर ब्लीच लावू नका, शिक्क्याची शाई आधी जाते. आणि तिकीट पाण्यात सोडवून वेगळं काढू नका. प्रवासाचा पुरावा पाकिटावरच असतो, सुट्या तिकिटाकडे तो उरत नाही.